एवढी एकच फांदी

शैलेंद्रनं आपल्या वडिलांना ढकललं तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी त्याला ठाऊक होती, कारण ती नंतर त्यानं फोनच्या पडद्यावर वाचली. त्या क्षणी त्याला कसलंच भान नव्हतं. एप्रिल संपत आला होता, अमेरिकेतल्या नेपरव्हिलचं ते दिसायला उबदार आणि अंगाला गार लागणारं ऊन पडलं होतं. गुरुवार, म्हणजे त्याचा घरून काम करायचा दिवस. वरच्या खोलीतला कॉल संपवून तो चहा करायला खाली आला, पातेलं हातात घेतलं आणि सवयीनं काचेच्या दारातून मागच्या अंगणात बघितलं. झाड जागेवर नव्हतं. म्हणजे होतं, पण जे होतं त्याला झाड म्हणवेना. जपानी मेपलचा तो बुटका, वळणदार बुंधा आणि त्यावर कपडे अडकवायच्या खुंट्यांसारखी वर आलेली चार थोटकं. खाली गवतावर फांद्या रचून ठेवल्या होत्या, जाड एकीकडे, बारीक दुसरीकडे, अगदी नीटनेटक्या. आणि गॅरेजमधली वाकडी करवत हातात घेऊन बाबा पाचव्या फांदीपाशी उभे होते.

तो मोजे घातलेल्या पायांनीच बाहेर गेला. "हे काय केलंत?"

"ये, ये. बघ," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि या घरात आल्यापासूनच्या पाच आठवड्यांत शैलेंद्रनं त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही न पाहिलेलं समाधान होतं. "किती दाट झालं होतं रे. आतून हवाच नव्हती त्याला. एवढी एकच राहिली. ही काढली की सगळीकडून सारखं होईल."

शैलेंद्रनं करवतीची मूठ धरली. बाबांनी सोडली नाही. हट्टानं नव्हे, चालू कामात कुणी मध्येच हत्यार धरलं की जाणता माणूस ते एकदम सोडत नाही, तसं. "सोड, लागेल तुला," ते म्हणाले. तेवढंच म्हणाले. आणि त्या शब्दांवरच शैलेंद्रनं मूठ सोडली, दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर ठेवले आणि ढकललं. बाबा दोन पावलं मागे गेले, टाच वाफ्याच्या दगडी काठाला अडली आणि ते खाली बसले. डावा हात अंगाखाली गेला. चष्मा एका कानावर लोंबकळत राहिला. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही; करवत कुठे पडली, तिचे दात वर तर नाहीत ना, ते बघितलं.

"आता कशालाही हात लावू नका," असं काहीसं शैलेंद्र बोलला, आत गेला आणि काचेचं दार लावून घेतलं.

आत येऊन त्यानं हात धुतले. का धुतले ते त्याला सांगता आलं नसतं. हाताला माती नव्हती, चीक नव्हता. पण तळव्यांवर काहीतरी राहून गेलं होतं आणि ते जात नव्हतं. स्वेटर, त्याच्या आतला शर्ट, त्याच्या आतलं ते गरम बनियन जे त्यानंच इथल्या दुकानातून आणून दिलं होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली हाडं. एवढं हलकं काही त्याला अपेक्षित नव्हतं. ढकलताना अंगानं जोर काढला होता तो एका थोराड माणसासाठी, पूर्वीच्या बाबांसाठी, वर्ध्याच्या वीज मंडळातल्या लाइनमन गुरुनाथसाठी, जो कमरेला पट्टा बांधून खांबावर चढायचा आणि वरून हाक मारायचा तेव्हा गल्लीतली माणसं मान वर करून बघायची. तो माणूस तिथे नव्हताच. रिकामी समजून उचललेली बादली भरलेली निघावी आणि खांद्याला हिसका बसावा, त्याच्या उलट झालं होतं. भरलेली समजून जोर लावला आणि बादली रिकामी निघाली. नळ वाहत होता. त्याला वाटलं आपण ओरडलो असतो तर बरं झालं असतं. आपण वडिलांवर ओरडलो, हे वाक्य माणसाला बायकोला सांगता येतं, मित्राला सांगता येतं, यार झालं असं म्हणता येतं. दुसरं वाक्य मनातल्या मनातही पुरं होत नव्हतं. कर्त्यापाशी सुरू व्हायचं आणि क्रियापदाच्या आधी थांबायचं.

पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणं हे बाबांचं चौतीस वर्षांचं काम. झाडाशी त्यांचं नातं तेवढंच: तारेपासून किती हात लांब. कडुनिंब, चिंच, आंबा, कुणाच्या दारातला शेवगा. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा केसांत पानांचा चुरा असायचा आणि आई त्यांना ओट्यावरच थांबवून पाठ झटकायची. शैलेंद्र चौथीत असताना एकदा त्यांना डबा द्यायला गेला होता. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचा मालक फाटकाबाहेर आला होता आणि त्यानं बाबांची कॉलर धरली होती. आंब्याची फांदी, मोहरासकट, रस्त्यावर पडली होती. "कोणाला विचारून तोडलीस?" तो विचारत होता, आणि प्रत्येक शब्दाला बाबांची मान मागेपुढे होत होती. बाबा दोन्ही हात खाली सोडून उभे. "तार होती, साहेब," एवढंच म्हणत होते. शैलेंद्र डब्याची पिशवी धरून रस्त्याच्या पलीकडे थांबला होता. पुढे कित्येक वर्षं त्या माणसाला तो मनात मारत राहिला, कॉलेजात गेल्यावरसुद्धा, अगदी विमानात बसेपर्यंत. त्या माणसाचा चेहरा आता त्याला आठवेना. आठवायला गेलं की चेहऱ्याच्या जागी एक बंगला, एक कापलेलं झाड आणि पुढे आलेले दोन हात एवढंच दिसायचं, आणि हातांची बोटं ओळखीची वाटायची.

मेपल त्यानं घर घेतलं त्या वर्षी लावला होता. नऊ वर्षं झाली. त्या आधीची आणि नंतरचीही वर्षं व्हिसा, पिटिशन, ग्रीन कार्डची रांग, यांत गेली. जे काही होतं ते कुणाच्या तरी टेबलावर पडून होतं. हे एवढं एक त्याच्या हातात होतं. तो व्हिडिओ बघून शिकला. एका वर्षात तीन फांद्या, फार तर चार, त्याहून जास्त नाही. कापायच्या आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारायच्या. एकमेकींवर घासणारी फांदी आधी, आत वळलेली नंतर, आणि थेट बुंध्याला लागून कधी कापायचं नाही. वसंतात कापायचं नाही, कारण तेव्हा मेपलचा रस गळतो. हिवाळ्यात त्याला गोणपाट गुंडाळायचं. एका वर्षी सशांनी साल कुरतडली म्हणून त्यानं मागच्या भिंतीवर कॅमेरा बसवला. बायको आश्लेषा हसून म्हणाली होती, आपल्या रुहीच्या खोलीत बेबी मॉनिटर नव्हता लावला तू. या सगळ्यातलं बाबांना त्यानं काय सांगितलं होतं? आले त्या दिवशी काचेतून दाखवलं होतं. "हे जपानी मेपल," म्हणाला होता, आणि कॉल घ्यायला वर गेला होता. पाच आठवडे ते माणूस या घरात सकाळी साडेआठपासून चारपर्यंत एकटं बसत होतं. मायक्रोवेव्हला हात लावायला बिचकत होतं. डिशवॉशर आश्लेषाच लावते म्हणून एक कप हातानं धुऊन पुसून ठेवत होतं. "मला काहीतरी काम दे रे," असं त्यांनी दोनदा म्हटलं होतं. "आराम करा ना बाबा," असं त्यानं दोनदा उत्तर दिलं होतं.

फोन खिशात थरथरला होता तो कॅमेऱ्यामुळे. पडद्यावर सूचना होती: अंगणात माणूस दिसला. तीन दहा. त्यानं ती फीत उघडली नाही, आधी पुसून टाकली. अंगठ्यानं, विचार न करता. तेच ॲप आश्लेषाच्या फोनवरही होतं. मग त्याच्या वरच्या आणि खालच्या फिती त्यानं उघडल्या, आणि त्या उघडायला नको होत्या. एक वाजून वीस. बाबा झाडासमोर उभे. करवत बगलेत. ते झाडाभोवती फिरतात, थांबतात, मागे सरतात, डोळ्यांवर हात धरून वर बघतात, आणि पुन्हा फिरतात. दोन नव्हे, पाच फेऱ्या. मग करवत खाली ठेवून बुंध्याला हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. तीन वाजून चौदा. बाबा अजून गवतावर. तो आत हात धूत होता तेव्हा. ते उठायचा प्रयत्न करतात, डावा हात टेकतात आणि लगेच उचलतात. पुन्हा बसतात. दाराकडे बघतात. तीन वाजून एकोणीस. गुडघ्यांवर येऊन, उजवा हात त्या बुंध्यावरच टेकून उभे राहतात. आणि मग, एका हातानं, गवतावर सांडलेली ती नुकती उमललेली लाल पानं वेचायला लागतात. पोह्यातले खडे निवडावेत तशी. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं, ते कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. ते त्यानं काचेतून बघितलं.

आश्लेषा सहाच्या सुमारास आली, रुहीला स्विमिंगहून घेऊन. दारातूनच तिनं बघितलं. "अरे, झाडाला काय झालं?"

"मी कापलं," बाबा सोफ्यावरून म्हणाले. "माझंच चुकलं. मला वाटलं आपल्याकडच्यासारखं फुटेल."

"आणि हात? बाबा, हाताला काय झालंय?"

"पाय घसरला. त्या दगडावरून. काही नाही गं, हळद लावली."

शैलेंद्र कांदा चिरत होता. सुरी थांबली. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, डोळ्यानं खूण केली नव्हती, सावरून घेतोय असं काही दाखवलं नव्हतं. ते सरळ खोटं बोलले आणि मग रुहीला विचारायला लागले, आज किती लॅप्स झाले. रुही अकरा वर्षांची होती आणि त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची. ते मराठीत उत्तर द्यायचे आणि दोघांचं छान जमायचं. "आबा, यू किल्ड डॅड्स फेव्हरेट चाइल्ड," ती म्हणाली, आणि ते हसले. शैलेंद्रही हसला. ते हसू तोंडावर आलं कसं याचाच त्याला धक्का बसला. म्हणजे हे असं होऊ शकतं. माणूस हे करू शकतो आणि सहा वाजता कांदा चिरू शकतो, कांदा नीट बारीक चिरला जातो, भाजीला चव येते.

शुक्रवारी सकाळी मनगट सुजून दुप्पट झालं होतं. आश्लेषाला लॅबमध्ये जाणं भाग होतं, म्हणून शैलेंद्रच त्यांना जवळच्या अर्जंट केअर दवाखान्यात घेऊन गेला. एक्सरे निघाला. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पट्टा बांधायचा, दोन आठवडे वजन उचलायचं नाही. सगळं आटोपत आलं होतं. मग त्या तरुण नर्सनं कॉम्प्युटरकडे वळून, यादीतला पुढचा प्रश्न वाचावा तसा वाचला. पासष्टच्या पुढचं कुणी पडून आलं की हे विचारावं लागतं, असंही ती म्हणाली. डू यू फील सेफ ॲट होम? बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग शैलेंद्रकडे. त्यांना इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही, पण तिचा उच्चार त्यांना लागायचा नाही. नर्सही शैलेंद्रकडे बघायला लागली. "कॅन यू आस्क हिम फॉर मी?"

त्याला वाटलं, आपण दुसरंच काही विचारू. दुखतंय का, असं. खोलीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. पण डोकं चालत नव्हतं, आणि जे ऐकलं होतं तेच बाहेर आलं. "विचारतेय, घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का."

बाबांनी प्रश्न ऐकला. एखाद्या अनोळखी वस्तूकडे बघावं तसे त्या प्रश्नाकडे बघत होते. असा प्रश्न असतो, तो दवाखान्यात विचारतात, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मग ते नर्सकडे वळले. "यस, यस. व्हेरी सेफ," म्हणाले, आणि पट्टा बांधलेला हात किंचित उचलून शैलेंद्रकडे दाखवला. "माय सन." नर्स गोड हसली आणि तिनं कळ दाबली. तो आवाज, एका कळीचा, शैलेंद्रला पुढे कितीतरी वेळ ऐकू येत राहिला.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर बाबांना सीटचा पट्टा लावता येईना. उजव्या हातानं ओढून घ्यायचे आणि खाचेपर्यंत पोहोचायचे नाहीत. "थांबा," म्हणून शैलेंद्र त्यांच्या अंगावरून पलीकडे वाकला. आणि बाबांचा चांगला हात वर गेला. चेहऱ्यासमोर. तळवा बाहेर, कोपर वाकलेलं. जेमतेम अर्धा क्षण. मग तो हात त्यांनी तसाच पुढे नेऊन चष्मा सारखा केला, जणू त्यासाठीच उचलला होता. शैलेंद्रनं बक्कल लावलं. खट्ट वाजलं. तो आपल्या जागेवर बसला, गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकायचं विसरला. समोरच्या काचेवर ऊन होतं. बाजूला बसलेल्या माणसाला आपण नऊ महिने अमेरिकेचं तिकीट घ्या म्हणून आग्रह केला होता. आई गेल्यावर इकडेच या म्हणालो होतो. शैलेंद्रच्या लहानपणी या माणसानं त्याला कधी चापट मारली नव्हती, त्यामुळे हात असा वर जातो कसा हे त्याला स्वतःच्या अंगातून ठाऊक नव्हतं; ते त्यानं आत्ता पहिल्यांदा बघितलं, आणि तेही बापाच्या अंगात.

"हिरवा झाला बघ सिग्नल," बाबा म्हणाले. पलीकडच्या रस्त्यावरचा. त्यांना गाडी निघायला हवी होती.

शनिवार त्यानं कसाबसा काढला. फांद्या भरून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या. प्रत्येक वेळी बाबा खोलीत आले की तो हात खिशात घालायचा. रात्रभर आणि दिवसभर तो मनात एकच गोष्ट घोळवत होता: आश्लेषाला सांगायचं. सांगितलं की हे कुठेतरी बाहेर येईल, त्याला आकार येईल, ती चिडेल, रडेल, आणि काहीतरी पुढे सरकेल. रविवारी दुपारी चौघं जेवायला बसले. वरणभात होता, बाबांना डाव्या हातानं वाटी धरता येत नव्हती म्हणून रुही त्यांच्या भातावर तूप वाढत होती. आश्लेषा म्हणाली, "ते दगड आपण काढूनच टाकू. उद्या रुही पडली तर?"

"बाबा पडले नाहीत," शैलेंद्र म्हणाला.

आश्लेषानं बघितलं.

"मी ढकललं त्यांना. गुरुवारी. झाड कापलं म्हणून."

त्याला वाटलं होतं की हे बोललं की छातीवरचं काही उतरेल, आणि खरंच उतरलं. क्षणभर त्याला श्वास नीट आला. त्या एका क्षणात त्यानं मान वर केली. आश्लेषाचा हात तोंडाशी गेला होता. रुहीच्या हातात तुपाचा चमचा होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती आबांकडे बघत होती. त्यांच्या मनगटाकडे, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा मनगटाकडे, आणि तिच्या नजरेत जे होतं ती भीती नव्हती, राग नव्हता. कीव होती. "ही पुश्ड यू?" तिनं विचारलं. अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं. "आबा, ही पुश्ड यू अँड यू डिडंट टेल?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मुलाकडे सरळ बघितलं, आणि तिथे इतका उघडा संताप होता की शैलेंद्रला काही कळेना. ढकललं तेव्हा तो नव्हता. आता होता.

"जेव तू, बाळा," ते रुहीला म्हणाले. ताटाला हात जोडून उठले आणि खोलीत गेले.

आश्लेषा काय काय बोलली ते शैलेंद्रनं ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही. "चार दिवस तू माझ्यासमोर जेवलास," एवढं एक वाक्य त्याला नंतरही आठवत राहिलं. मग ती रुहीला घेऊन वर गेली आणि तो बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते.

"काहून सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"मला राहवेना, बाबा."

"तुला बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचं होतंस. चार दिवस मी इथेच होतो."

शैलेंद्रला तेव्हा कळलं. गुरुवारी तीन दहापासून त्या क्षणापर्यंत त्यानं स्वतःशी, आश्लेषाशी, त्या नर्सशी, मनातल्या त्या बंगलेवाल्याशीसुद्धा बोलून घेतलं होतं. या एका माणसाशी एक शब्द बोलला नव्हता. तो सुचलाच नव्हता. पुसून टाकलेली फीत, सावरून घेतलेलं जेवण, कबुलीजबाब, या सगळ्यात बाबा कुठेतरी बाजूला, गवतावर बसलेले होते आणि तो दार लावून आत हात धूत होता.

"त्या पोरीसमोर कशाला?" बाबा म्हणाले. "माझं बाकी काय आहे इथे? तिच्यासमोर मी खांबावर चढणारा माणूस होतो. तिला मी गोष्टी सांगत होतो."

"माझं चुकलं, बाबा."

"हो. चुकलं," बाबा म्हणाले. त्यांनी ते मऊ केलं नाही, असू दे म्हटलं नाही. "झाडाचं माझंही चुकलं. ते विचारायला पाहिजे होतं." मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, "हाताचं होईल बरं."

शैलेंद्र आत जाऊन त्यांच्या पायांशी बसावं की काय अशा विचारात उभा राहिला. पण जवळ गेलो आणि त्यांचा हात पुन्हा वर आला तर, या भीतीनं तो उंबरठ्यावरून हलला नाही. बाबांनीही ये म्हटलं नाही. शेवटी ते म्हणाले, "जा, जेवून घे. ताट तसंच आहे."

सोमवारी सकाळी रुहीची शाळेची बस आठ दहाला कोपऱ्यावर यायची. बाबा आल्यापासून तेच तिला सोडायला जायचे. शैलेंद्र स्टेशनला जायला निघाला होता, लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन पुढच्या दारात उभा होता. बाबांनी सवयीप्रमाणे तिची बॅग घ्यायला उजवा हात पुढे केला. "आय गॉट इट, आबा," ती म्हणाली आणि बॅग स्वतःच पाठीवर चढवली. ते दोघं ड्राइव्हवेवरून खाली गेले. शुक्रवारपर्यंत रस्ता ओलांडताना तेच तिचा हात धरायचे, आणि ती मोठी झाल्याच्या तोऱ्यात सोडवून घ्यायची. आज फुटपाथच्या कडेला रुही थांबली. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग आबांचं कोपर धरलं, घट्ट, दोन्ही हातांनी, म्हाताऱ्या माणसाचं धरतात तसं. बाबा क्षणभर ताठ झाले. शैलेंद्रला वाटलं, झटकतील. त्यांनी झटकलं नाही. मान थोडी खाली घालून, तिच्या पावलांनी, ते रस्ता ओलांडून गेले.